मोठ्या रेसेस बघायला शिकायचंय? मग घोड्याच्या आधी ट्रॅक बघा

कुठल्याही मोठ्या रेसला नवीन माणूस बसला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, यात जिंकणार कोण? हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी हे विचारा की रेस होते कुठे, अंतर किती, जमीन कसली आणि शेवटचा स्ट्रेट, म्हणजे शेवटच्या वळणानंतरचा सरळ तुकडा, केवढा. कारण एका ट्रॅकवरचा हिरो दुसऱ्या ट्रॅकवर पार गळून जातो, गवतावरचा राजा मातीवर आठवा येतो, आणि लोक म्हणतात नशीब! नशीब असतंच थोडं, पण बऱ्याच वेळा उत्तर ट्रॅकच्या नकाशातच लिहिलेलं असतं आणि ते कोणी वाचलेलं नसतं.

मी स्वतः ज्या क्रमाने बघतो तोच क्रम खाली देतोय. बेटिंगबद्दल यात काहीही नाही, पहिला सीझन नुसता बघण्यात घालवा असंच मी सांगेन, कारण पैसे लागले की नजर एका घोड्याला चिकटते आणि बाकीची रेस दिसतच नाही.

चार शब्द आधी माहीत असू द्या. फर्लांग म्हणजे साधारण दोनशे मीटर, आठ फर्लांगांचा एक मैल. लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी, अंदाजे अडीच मीटर, आणि त्याहून कमी फरक असला की नेक, हेड, नोज असं म्हणतात. कोल्ट म्हणजे तरुण नर, फिली म्हणजे तरुण मादी, गेल्डिंग म्हणजे खच्ची केलेला नर. फ्लॅट रेस म्हणजे सपाट धाव, जंप रेस म्हणजे कुंपणांवरून उड्या मारत. बाकीचं बघता बघता कळत जातं.

पायरी १: ट्रॅकचा नकाशा काढा

खरंच काढा, कागदावर, पेनाने. डावीकडे वळतो का उजवीकडे, चढ कुठे, उतार कुठे, शेवटचं वळण संपल्यावर विनिंग पोस्टपर्यंत किती मीटर उरतात.

सुरुवात इंग्लंडमधल्या एप्समपासून करा, कारण तिथली डर्बी १७८० पासून चालू आहे आणि जगभरात जिथे जिथे डर्बी नावाची रेस आहे तिने नाव इथूनच घेतलंय. पहिली डायोमेड नावाच्या घोड्याने जिंकली, तेव्हा ती एक मैलाची होती, १७८४ पासून दीड मैलाची म्हणजे साधारण २४०० मीटरची झाली. आता हा ट्रॅक बघा. गेट उघडलं की चढ सुरू, आणि चढ पण केवढा, जवळपास चाळीस मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली बिल्डिंगएवढी उंची घोडे पळत पळत चढतात. वर पोचले की डावीकडे वळत उतार, आणि त्या उताराच्या शेवटी टॅटनहॅम कॉर्नर, जिथे घोडा फुल स्पीडमध्ये उतरत असतो आणि त्याच वेळी त्याला वळायचंही असतं. वळण संपलं की सातशेएक मीटरचा स्ट्रेट, पण तोसुद्धा सरळ नाही, जमीन आतल्या रेलकडे, म्हणजे ट्रॅकच्या कठड्याकडे, कललेली आहे, त्यामुळे दमलेला घोडा आपोआप आत ओढला जातो. आणि अगदी शेवटी परत थोडा चढ.

हे सगळं तीन वर्षांच्या पोरगेल्या घोड्याकडून, जूनच्या सुरुवातीला, आयुष्यात एकदाच. डर्बी फक्त तीन वर्षांच्यांसाठी असते, पुढच्या वर्षी परत ट्राय करू असं नसतंच. म्हणून एप्समला नुसता वेग कामाला येत नाही, तोल लागतो, डोकं थंड लागतं. १९८१ मध्ये शेरगार इथे दहा लेंथने जिंकला, डर्बीच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं अंतर. तो रिप्ले बघताना टॅटनहॅम कॉर्नरवर लक्ष ठेवा, बाकीचे घोडे उतारावर स्वतःला सावरतायत आणि तो आरामात वळतोय. २०१० मध्ये वर्कफोर्सने २ मिनिटं ३१.३३ सेकंदांत ही रेस जिंकली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसला जाऊन आर्क नावाची मोठी रेससुद्धा जिंकली. दोन इतके वेगळे ट्रॅक एका वर्षात जिंकणं किती अवघड आहे हे पुढची पायरी वाचल्यावर कळेल.

पायरी २: शेवटचा स्ट्रेट मोजा

माझ्या मते नवीन माणसाने एकच आकडा पाठ करायचा असेल तर तो हा. स्ट्रेट लांब असला तर मागून येणाऱ्या घोड्याला वेळ मिळतो, आखूड असला तर वळणावर जो पुढे तो बऱ्याचदा पुढेच राहतो.

जपानमध्ये दोन ट्रॅक शेजारी ठेवून बघा. टोकियोचा गवताचा स्ट्रेट ५२५.९ मीटर, तिथे नोव्हेंबरमध्ये जपान कप होतो, २४०० मीटर, १९८१ पासून. २०१८ मध्ये आल्मंड आय नावाच्या तीन वर्षांच्या फिलीने तो २ मिनिटं २०.६ सेकंदांत जिंकला, आकडा वाचून विश्वास बसत नाही पण रेस बघा, ती पुढच्या घोड्याच्या मागोमाग शांतपणे राहते आणि स्ट्रेटला नुसती निघून जाते. आता नाकायामा. तिथला स्ट्रेट ३१० मीटर आणि पोस्टच्या आधी खडा चढ. वर्षाच्या शेवटी इथे अरिमा किनेन होते, २५०० मीटर, आणि त्यात घोडे पब्लिकच्या मतांवर निवडतात. टोकियोत शेवटून दणक्यात येऊन जिंकणारा घोडा नाकायामाला चौथा-पाचवा आला तर तो बिघडला असं समजू नका, त्याला पळायला जागाच मिळाली नाही. याच अरिमा किनेनला १९९० मध्ये ओगुरी कॅपची शेवटची रेस बघायला पावणेदोन लाखांहून जास्त लोक आले होते, सगळ्यांनी त्याला संपलेला घोडा म्हणून सोडून दिलं होतं आणि तो जिंकला. तो रिप्ले मी कधीही बघितला तरी घसा दाटून येतो.

पॅरिसच्या लाँगशाँ ट्रॅकची गोष्ट अजून वेगळी. आर्क, म्हणजे प्री द लार्क द त्रिऑंफ, १९२० पासून, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, २४०० मीटर, उजवीकडे वळणारा ट्रॅक. आधी लांबलचक चढ, मग उजवं वळण घेत उतार, आणि मग येतो तो फसवा तुकडा ज्याला फॉल्स स्ट्रेट म्हणतात. तिथे ट्रॅक सरळ होतो, जॉकीला आणि घोड्याला दोघांनाही वाटतं आला शेवट, आता सोडायचं. पण शेवट आलेला नसतो, अजून एक वळण आहे आणि त्यानंतर पाचशेहून जास्त मीटरचा खरा स्ट्रेट. तिथे घाई करणारा पुढे जाऊन दमून संपतो.

२०१२ ची आर्क यासाठी नक्की बघा. जपानचा ऑर्फेव्र सगळ्यात बाहेरच्या गेटमधून निघाला, मागे राहिला, स्ट्रेटला बाहेरून असा काही आला की दोन-तीन ढांगांत सगळे मागे. रेस संपली असंच वाटतं. आणि मग तो एकटा पडल्यावर उजवीकडे, आतल्या रेलकडे, ओढला जायला लागतो, जॉकी त्याला सरळ ठेवायची धडपड करतोय, आणि मागून सोलेमिया नावाची घोडी, जिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, इंच इंच जवळ येतेय. नेकने गेली रेस. शेवटचे दोनशे मीटर नुसते ऑर्फेव्रच्या डोक्याकडे आणि जॉकीच्या हातांकडे बघा, घोडा पुढे असूनही रेस कशी हातातून जाते ते इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

पायरी ३: जमीन

गवत म्हणजे टर्फ, आणि माती-वाळूचा म्हणजे डर्ट. युरोपातल्या सगळ्या मोठ्या फ्लॅट रेसेस टर्फवर, अमेरिकेच्या मुख्य रेसेस डर्टवर, दुबई वर्ल्ड कप पण आता डर्टवर, २००० मीटर, मेदानला. डर्टवर सुरुवातीपासून जोरात पळतात आणि मागच्या घोड्याच्या तोंडावर सतत माती उडते. सवय नसलेला घोडा ती माती तोंडावर बसली की मान वर करतो, मागे हटतो.

सिटी ऑफ ट्रॉय या घोड्याचं २०२४ साल हा यावरचा पूर्ण धडा आहे. मे महिन्यात इंग्लंडमध्येच न्यूमार्केटच्या २००० गिनीज या मैलाच्या रेसमध्ये फेव्हरिट असून नववा. चार आठवड्यांनी एप्समला डर्बी जिंकला. मग एक्लिप्स नावाची रेस, मग यॉर्कला इंटरनॅशनल, तिथे पुढे राहून सगळ्यांना पळवून पळवून दमवलं. आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ब्रीडर्स कप क्लासिकला डर्टवर उतरला, गेटमधून हळू निघाला, माती खाल्ली, आठवा आला. घोडा तोच, वर्ष तेच, ट्रेनर-जॉकी तेच.

टर्फवर पाऊस किती पडला हेही बघायचं, त्याला गोइंग म्हणतात. फर्म म्हणजे कडक, गुड, सॉफ्ट, हेवी म्हणजे चिखल. काही घोड्यांची टाप मऊ जमिनीत रुतते, काहींना तीच आवडते. रेसच्या आदल्या रात्री हवामान बघणं हा माझ्या तयारीचा भागच झालाय. फ्रँकेल या घोड्याची २०१२ मधली शेवटची रेस ॲस्कॉटला मऊ जमिनीवर झाली, गेटमधून तो हळू निघाला, आणि समोर सिरस दे झेग्ल नावाचा असा गेल्डिंग ज्याला चिखल म्हणजे घर. तरी फ्रँकेल जिंकला, चौदापैकी चौदा. त्याच्या सगळ्या मोठ्या विजयांमध्ये मला हा जास्त मोलाचा वाटतो, कारण इथे जमीन त्याच्या बाजूने नव्हती.

आणि हो, हाच फ्रँकेल डर्बी कधी धावलाच नाही. त्याची माणसं त्याला ओळखून होती, मैलाच्या आसपास आणि नंतर २००० मीटरच्या थोडं वर, बस. अंतर हेही ट्रॅकचंच मागणं आहे. म्हणूनच मैल, दीड मैल आणि सेंट लेजर या रेसचं त्याहूनही लांब अंतर असं तिन्ही जिंकणारा इंग्लंडमधला शेवटचा घोडा १९७० चा निजिन्स्की आहे.

पायरी ४: कोण किती वजन घेऊन धावतोय

रेसचे दोन प्रकार लक्षात ठेवा. एका प्रकारात वजनं वय आणि लिंगाप्रमाणे ठरलेली असतात. डर्बीत कोल्टपेक्षा फिलीला कमी, आर्कमध्ये तीन वर्षांच्या घोड्यांना मोठ्यांपेक्षा कमी आणि फिलीला अजून दीड किलो कमी. डर्बीत गेल्डिंग चालत नाहीत, आर्कमध्येही वर्षानुवर्षं चालत नव्हते, कारण हेतूच हा की पुढच्या पिढीचे आईबाप इथून ठरावेत.

दुसरा प्रकार हँडिकॅप. जो चांगला त्याच्या पाठीवर जास्त वजन, जो कमी त्याला कमी, म्हणजे सगळ्यांना चान्स. ऑस्ट्रेलियातला मेलबर्न कप असाच आहे, फ्लेमिंग्टनला नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, १८६१ पासून, आता ३२०० मीटर आणि जास्तीत जास्त २४ घोडे. फार लॅपने १९३० मध्ये तो साडेबासष्ट किलो घेऊन जिंकला. पुढच्या वर्षी त्याच्यावर ६८ किलो टाकले आणि तो आठवा आला. त्यामुळेच मकायबी दिवा या घोडीने २००३, २००४, २००५ अशी सलग तीन वर्षं कप जिंकला आणि तिसऱ्या वेळी ५८ किलो घेऊन, हे ऐकून जुने लोक अजून हात जोडतात. २०१५ मध्ये मिशेल पेन ही कप जिंकणारी पहिली महिला जॉकी ठरली, घोडा प्रिन्स ऑफ पेन्झन्स, भाव शंभराला एक.

वजनाचा अर्थ डोळ्यांनी बघायचा असेल तर १९७३ ची ग्रँड नॅशनल लावा. ही जंप रेस, ट्रॅक इंग्लंडमधला एन्ट्री (Aintree), दोन फेऱ्या, ३० कुंपणं, शेवटच्या कुंपणानंतर साडेचारशे मीटरची धाव. क्रिस्प नावाचा घोडा बारा स्टोन, म्हणजे ७६ किलो, घेऊन एका क्षणी तीसेक लेंथ पुढे होता, उड्या बघाल तर वेड लागेल. मागे रेड रम, त्याच्यापेक्षा दहा किलोहून जास्त हलका. शेवटचं कुंपण झाल्यावर क्रिस्पचे पाय अक्षरशः जागेवर पडायला लागतात, तो तिरका जातो, आणि रेड रम पाऊण लेंथने त्याला पोस्टवर गाठतो. दोघांनीही जुना रेकॉर्ड मोडला होता. रेड रमने पुढे १९७४ आणि १९७७ पण जिंकली, तीन नॅशनल, पण त्या दिवसाचं बोलताना लोक आधी क्रिस्पचं नाव घेतात आणि ते बरोबरच आहे.

जंप रेसेसबद्दल एक बोलायचंच. इथे घोडे पडतात, कधी परत उठत नाहीत, आणि बघणाऱ्याने ते नजरेआड करू नये. २०२४ पासून नॅशनलमध्ये ४० ऐवजी जास्तीत जास्त ३४ घोडे केले, पहिलं कुंपण स्टार्टच्या जवळ आणलं म्हणजे तिथे पोचेपर्यंत स्पीड कमी राहील. मला हे बदल मनापासून पटतात, रेसची मजा यात रत्तीभरही कमी झालेली नाही.

पायरी ५: ड्रॉ आणि पॅडॉक

ड्रॉ म्हणजे कुठल्या नंबरच्या गेटमधून निघायचं. वळण लवकर येत असेल तर बाहेरच्या गेटवाल्याला जास्त अंतर पळावं लागतं. यावर उपाय काय असतो ते २०१५ च्या आर्कमध्ये बघा, गोल्डन हॉर्न बाहेरच्या १४ नंबरला होता आणि जॉकी डेटोरीने त्याला सुरुवातीला गर्दीपासून लांब एकट्यालाच पळवलं, घाई न करता, मग हळूच आत आणून दुसऱ्या नंबरवर बसवलं. जिंकला. अमेरिकेतल्या केंटकी डर्बीत उलटा त्रास, वीस घोडे असतात आणि एक नंबरवाला रेलला चिकटून गर्दीत दाबला जातो, फर्डिनांडने १९८६ मध्ये एक नंबरवरून जिंकल्यानंतर किती वर्षं तसं कोणाला जमलं नाही ते बघा म्हणजे समजेल.

पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे, नवीन माणसाने फार शहाणपणा करू नये. घोडा लांब, सैल पावलं टाकतोय का, मान शांत आहे का, मागच्या पायांमध्ये घामाचा फेस आलाय का, एवढं बघा. थोडा घाम चालतो, पण सतत उड्या मारणारा आणि भिजलेला घोडा बरीचशी ताकद तिथेच घालवतो. आणि कपड्यांचे रंग लक्षात ठेवा, रेसमध्ये तेच ओळखायला कामाला येतात. गोडॉल्फिन आणि जुडमाँट हे दोन मोठे घोडेमालक, गोडॉल्फिनचा निळा, जुडमाँटचा हिरवा-गुलाबी-पांढरा. फ्रँकेल, एनेबल, वर्कफोर्स तिघंही याच जुडमाँटच्या रंगात धावले.

पायरी ६: रेस चालू असताना घड्याळ बघा

कॅमेरा पुढच्या घोड्याकडे असतो आणि आपणही तिकडेच बघतो. त्याऐवजी स्क्रीनच्या कोपऱ्यातली वेळ बघा, पहिला टप्पा किती सेकंदांत झाला. पुढचे घोडे फार जोरात गेले असतील तर मागच्यांचा दिवस, हळू गेले असतील तर पुढच्यांचा.

चर्चिल डाऊन्सची केंटकी डर्बी, १८७५ पासून, मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सव्वा मैल. २०२२ मध्ये पहिला पाव मैल २१.७८ सेकंदांत झाला, वेडा वेग. रिच स्ट्राइक नावाचा घोडा आदल्या दिवशी दुसरा कोणी बाहेर पडला म्हणून आत आला होता, सगळ्यात बाहेरच्या गेटमधून निघाला, अर्ध्या रेसपर्यंत अगदी मागच्या घोळक्यात. पुढचे सगळे एकमेकांना जाळून संपले आणि हा आतल्या बाजूने वाट काढत पोस्टच्या जरा आधी पुढे. भाव ऐंशीला एक. वरून घेतलेला व्हिडिओ मिळाला तर तोच बघा.

आता याच्या शेजारी १९७३ चा सेक्रेटेरिएट ठेवा, तोच ट्रॅक, तेच अंतर. त्याचे पाव पाव मैलाचे वेळ असे: २५.२, २४, २३.८, २३.४, २३. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा जलद! घोडा दमतो तसा वेग कमी होणार हा सगळ्यांचा अनुभव आणि हा शेवटपर्यंत वाढवतच गेला. एकूण १ मिनिट ५९.४ सेकंद, आणि केंटकी डर्बीचा रेकॉर्ड अजून त्याच्याच नावावर आहे. पाच आठवड्यांनी बेलमाँट पार्कला बेलमाँट स्टेक्स, दीड मैल, २ मिनिटं २४ सेकंद, ३१ लेंथ. तिथे कॅमेरा मागचा घोडा फ्रेममध्ये ठेवायला लांब लांब जात राहतो.

पायरी ७: रिप्ले दोनदा, मग पुढची रेस

पहिल्यांदा जिंकणाऱ्याला बघा, दुसऱ्यांदा तिसऱ्या-चौथ्या आलेल्याला. कोणाला वाट मिळाली नाही, कोणी वळणावर बाहेर फेकला गेला, कोणाला हा ट्रॅक मानवलाच नाही, ते वहीत लिहून ठेवा, ट्रॅकच्या नकाशाच्या शेजारीच.

वर्षाचा क्रम साधारण असा धरा. फेब्रुवारीत महालक्ष्मीची इंडियन डर्बी, १९४३ पासूनची, अंतर २४०० मीटरच, ट्रॅक उजवीकडे वळणारा. मार्चमध्ये चेल्टनहॅमच्या जंप रेसेस, तिथे शेवटचा चढ बघायचा, आणि महिनाअखेरीला दुबई. एप्रिलमध्ये एन्ट्रीची ग्रँड नॅशनल, मेमध्ये केंटकी, जूनमध्ये एप्सम आणि रॉयल ॲस्कॉट, ऑक्टोबरमध्ये आर्क, नोव्हेंबरमध्ये मेलबर्न आणि जपान कप. बेलमाँट स्टेक्सला नीट बघून घ्या, बेलमाँट पार्कचं बांधकाम चालू असल्यामुळे २०२४ आणि २०२५ ला ती सॅराटोगाला सव्वा मैलाची झाली, त्यामुळे त्या वर्षांचे वेळ सेक्रेटेरिएटशी लावू नका. प्रत्येक रेसच्या दोन दिवस आधी नकाशा, स्ट्रेट, जमीन, वजन, ड्रॉ एवढं एका पानावर काढायचं आणि मगच घोड्यांची यादी उघडायची. डिसेंबरअखेर अरिमा किनेन येईल तेव्हा वहीत दहाएक ट्रॅक जमलेले असतील, आणि टोकियोत जोरात येऊन जिंकलेला कुठला घोडा नाकायामाला चालणार नाही हे तुम्ही यादी बघूनच सांगाल.